डोळ्यांत तेल घालून

एखाद्या वस्तूवर कडक पहारा ठेवावयाचा म्हणजे तो 'डोळ्यांत तेल घालून' ठेवावा, असें मराठी मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. हा वाक्प्रचार ज्यानें प्रथम योजिला त्याच्या मनांत बहुधा जागरणानें चुरचुरणारे डोळे असतील. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीनें तो अक्षरशः खरा आहे. जागेपणीं मनुष्याच्या पापण्या दर मिनिटास सुमारें १५ ते २० वेळां मिटतात, आणि प्रत्येक उघडझांपीबरोबर पापणीच्या कडेंतील बारीक ग्रंथींमधून तेलाचा एक अतिसूक्ष्म थर डोळ्यावर पसरला जातो. डोळ्यांत तेल घालण्याचें काम असें दिवसभर चालूं असतें. फक्त तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

इतका पहारा कशासाठीं, हें समजण्यास डोळ्याच्या रचनेंतील एक विलक्षण तडजोड पाहावयास हवी. नेत्रगोल हा सुमारें २४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण आवळ्याएवढा, चेंडू होय. त्याचें बाहेरचें कवच पांढरें, चिवट व अपारदर्शक असतें. त्यास श्वेतपटल म्हणतात. समोरच्या बाजूस मात्र हेंच कवच एकाएकीं कांचेसारखें निर्मळ होतें. मनगटी घड्याळाच्या फुगीर कांचेसारख्या या भागाचें नांव स्वच्छमंडल. त्याची रुंदी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास आणि मध्यावरील जाडी अवघी अर्धा मिलिमीटर आहे. काळा, पिंगट वा घारा असा जो रंगीत पडदा लोकांना दिसतो तो याच्या मागें असतो. पण घरगुती बोलण्यांत पडदा व कांच हीं दोन्ही मिळून 'बुबुळ' या एकाच नांवानें ओळखलीं जातात. डोळ्यांत शिरणारे किरण वळवून आंतल्या पडद्यावर एकत्र आणण्याचें जें कार्य, त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग ही पुढची कांचच उरकते. पाठ्यपुस्तकांत ज्याचें एवढें कौतुक असतें त्या भिंगाच्या वांट्यास उरलेला एक-तृतीयांश येतो.

आतां कांच निर्मळ राहावयाची तर तिच्यांतून रक्तवाहिन्या जाऊन चालणार नाहीं. म्हणून स्वच्छमंडलांत रक्ताचा थेंबही नाहीं. प्राणवायु त्याला बाहेरच्या हवेंतून, अश्रूंत विरघळून मिळतो, आणि पोषण मुख्यतः पाठीमागच्या जलरसांतून मिळतें. हा बंदोबस्त चोख आहे खरा. पण त्याची किंमत मोठी आहे. शरीराच्या इतर भागांत जखम झाली कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी तत्काळ धांवून येतात. येथें त्यांना कांठापासून लांबचा पल्ला गांठावा लागतो. आणि त्या येऊन, लढून जखम भरून आली, तरी मागें जो वण राहतो तो पांढुरका व अपारदर्शक असतो. 'डोळ्यांत फूल पडलें' असें बायाबापड्या म्हणतात तें हेंच. हातावरचा वण बाहीखालीं झांकला जातो. बुबुळावरचा वण मनुष्यापुढचें जगच झांकून टाकतो. तात्पर्य, पारदर्शकतेपायीं आंतलें संरक्षण दुबळें राहिल्यामुळें डोळ्याची बहुतेक सारी शिबंदी बाहेर उभी करावी लागली आहे.

या शिबंदींतील पहिली तटबंदी हाडांची. कवटीच्या ७ हाडांचे भाग जुळून नेत्रगोलासाठीं एक खोबण तयार झालेली आहे. ती पुढें रुंद व मागें निमुळती असून तिची पोकळी सुमारें ३० घनसेंटिमीटर भरते. त्यांतील ७ घनसेंटिमीटरच्या आसपास जागाच काय ती नेत्रगोल व्यापतो. बाकी जागेंत डोळा फिरविणारे स्नायु, रक्तवाहिन्या, मज्जातंतु आणि त्यांच्या सभोंवार चरबीची मऊ गादी असते. दीर्घ आजारानें किंवा उपासमारीनें डोळे खोल गेल्यासारखे दिसतात त्याचें एक कारण ही गादी विरणें हें होय.

गंमत अशी कीं, या खोबणीचा कांठ जितका भक्कम तितक्याच तिच्या तळाची व नाकाकडील भिंत नाजूक. नाकाकडील एका पत्र्यास शरीरशास्त्रज्ञांनीं लॅटिन भाषेंत 'कागदी पत्रा' असेंच नांव दिलें आहे. डोळ्यावर ठोशाचा जबर तडाखा बसला म्हणजे पुष्कळदां हीच पातळ भिंत फुटते, आंतल्या दाबाला वाट मिळते आणि नेत्रगोल बचावतो. मोडलेलें हाड मागाहून नीट करतां येतें. फुटलेला नेत्रगोल क्वचितच पूर्ववत् होतो. तटाचा एक भाग जणूं पडण्यासाठींच बांधलेला असावा, इतकी ही व्यवस्था उपयोगी पडते.

तथापि ही तटबंदी मोठ्या वस्तूंसाठीं आहे. क्रिकेटच्या चेंडूचा बराचसा तडाखा खोबणीच्या कांठावर अडतो. विटी अडत नाहीं. विटीचें टोंक, बॅडमिंटनचें फूल, मुलांनीं काड्यांचा केलेला बाण, दिवाळींत फटाक्याबरोबर उडालेला खडा, या साऱ्या वस्तु कांठाच्या आंतून सरळ नेत्रगोलावर येतात. त्यांतच कानाच्या बाजूचा कांठ इतर तीन बाजूंच्या मानानें मागें सरलेला आहे. तो तसा नसता तर मान न वळवितां बाजूची चाहूल लागली नसती. पण त्यायोगें डोळा त्या अंगानें उघडा पडला आहे, हेंही खरें. मुलांच्या खेळांतले बरेच अपघात याच बाजूनें शिरतात.

कांठ चुकवून जें आंत येतें त्याला अडविण्यासाठीं पापण्या आहेत. साऱ्या शरीरांत पापणीइतकी पातळ त्वचा दुसरीकडे नाहीं. त्वचेखालीं मिटविणारा स्नायु, त्याखालीं एक चिवट पट्टी आणि त्या पट्टींत ओळीनें बसविलेल्या तेलाच्या ग्रंथी, अशी तिची घडण आहे. वरच्या पापणींत या ग्रंथी २५ ते ४० असतात, खालच्या पापणींत त्याहून थोड्या कमी. १६६६ सालीं हाइन्रिख माइबोम या जर्मन वैद्यानें त्यांचें सविस्तर वर्णन केलें म्हणून त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. डोळ्यासमोर कांहीं आलें, प्रखर उजेड पडला किंवा केंसास नुसता स्पर्श झाला, कीं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या सुमारास पापणी मिटते. विचार करण्यास मनुष्याला वेळच उरत नाहीं. डोळे घट्ट मिटतांना पापणीआड आणखी एक हालचाल घडते: बहुतेकांचा नेत्रगोल वरच्या दिशेस फिरतो व बुबुळ कपाळाखालीं दडतें. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्यानें १८२३ सालीं ही गोष्ट वर्णिली. ज्याची पापणी पक्षाघातानें नीट मिटत नाहीं त्याचें बुबुळ निदान झोंपेंत तरी कांहींसें झांकलेलें राहतें, तें याच हालचालीमुळें.

पापणीच्या केंसांचें कार्य मात्र अगदीं अलीकडे नीट उलगडलें. ते धूळ अडवितात एवढें सर्वांस ठाऊक होतें. २०१५ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनीं २२ जातींच्या सस्तन प्राण्यांचे केंस मोजून पाहिले, तेव्हां त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारें एक-तृतीयांश भरली. वायुबोगद्यांतील प्रयोगांत असें दिसलें कीं, नेमक्या या लांबीचे केंस वाऱ्याचा झोत डोळ्यावरून बाजूस सारतात. त्यामुळें अश्रु कमी सुकतात व धूळही कमी बसते. केंस याहून फार लांब झाले तर ते उलट वारा आंत ओढतात. लांबलचक कृत्रिम केंस चिकटविण्याची हौस असणाऱ्यांनीं हें निरीक्षण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हेच केंस कधीं कधीं फितूरही होतात. खुपऱ्या या संसर्गजन्य रोगांत पापणीच्या आंतल्या अंगास वारंवार सूज येऊन शेवटीं वण पडतो, कड आंत वळते आणि प्रत्येक उघडझांपीबरोबर केंसांचें खराटें बुबुळावर फिरूं लागतें. एकाच पंचानें सर्व मुलांचीं तोंडें पुसणें, एकाच बोटानें सर्वांना काजळ घालणें, तोंडावर बसणाऱ्या माश्या, यांतून हा रोग घरभर होत असे. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो भारतांतून हटला असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें. काजळाचें बोट मात्र अद्याप घरोघर फिरत आहे, आणि इतर संसर्गांना तें तितकेंच उपयोगी पडतें.

यानंतरचा पहारेकरी म्हणजे अश्रु. रडतांना ओघळणारे अश्रु कवींचे; डोळ्याच्या कामाचे अश्रु निराळे, न दिसणारे. बुबुळावर त्यांचा जो थर असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें ३ सहस्रांशांइतकीच आहे. त्यांत खालीं बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत श्लेष्मा, मध्यें पाणी आणि सर्वांत वर माइबोमच्या ग्रंथींचें तेल असतें. तेल नसेल तर पाणी लवकर सुकतें. श्लेष्मा नसेल तर तें बुबुळावर टिकतच नाहीं. आहारांत 'अ' जीवनसत्त्वाची दीर्घकाळ उणीव पडली म्हणजे डोळ्याचें अस्तर असेंच कोरडें व खरखरीत होतें, आणि लहान मुलांत तर बुबुळ विरघळण्यापर्यंत पाळी येते. रातांधळेपणा ही त्याची आगाऊ सूचना होय. पालेभाज्या, पिकलेला आंबा, पपई, गाजर, दूध, अंडें हीं या अर्थानें डोळ्याच्या शिबंदीची रसदच आहेत.

वापरलेले अश्रु नाकाकडील कोंपऱ्यांतल्या दोन सूक्ष्म छिद्रांवाटे नाकांत उतरतात. रडतांना नाक गळतें तें यामुळें, आणि डोळ्यांत घातलेल्या औषधाची कडू चव घशांत येते तीही यामुळेंच. दोन पापण्यांमध्यें एका वेळीं मावणारे अश्रु औषधाच्या एका थेंबापेक्षांही पुष्कळ कमी असतात. तेव्हां एकाऐवजीं चार थेंब घातल्यानें गुण चौपट येत नाहीं, तीन थेंब गालावर वाहून जातात इतकेंच.

अश्रूंत नुसतें पाणी नाहीं, हें सिद्ध करण्याचा मान अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्याकडे जातो. पेनिसिलीनच्या शोधापूर्वीं ६ वर्षें, म्हणजे १९२२ सालीं, त्यांनीं नाकांतील श्लेष्मा व अश्रु यांत जंतूंचें कवच विरघळविणारा 'लायसोझाइम' नांवाचा पदार्थ असल्याचें जाहीर केलें. प्रयोगासाठीं अश्रु लागत, ते मिळविण्यास ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळीत असत. विज्ञानासाठीं रडलेल्या त्या मंडळींचे उपकार मानावयास हवेत! दुखऱ्या डोळ्यांत दूध, मध किंवा तूप घालण्याची जी चाल आहे, तिच्यायोगें या धुवून काढणाऱ्या, जंतूंना मारणाऱ्या पाण्याची जागा जंतूंना पोसणाऱ्या पदार्थानें घेतली जाते. आजीबाईच्या बटव्यांतील अनेक औषधें गुणकारी असतील. हें त्यांतलें नव्हे.

एवढ्यावरही पहारा चुकतोच. ऊस तोडतांना पानाची धार लागते, भात झोडपतांना कुसळ उडतें, दुचाकीवरून जातांना किडा आदळतो. बुबुळाच्या पृष्ठावर संवेदनावाहक तंतूंचें जाळें त्वचेहून शेंकडों पट दाट असल्यामुळें केंसाएवढ्या ओरखड्यानेंही मनुष्य कळवळतो. हीही एक संरक्षणाचीच योजना आहे. सर्वांत वरचा थर फार तत्पर असतो. साधा ओरखडा तो एकदोन दिवसांत भरून काढतो. पण त्या अवधींत दार उघडें असतें. जंतु किंवा, शेतांतल्या पालापाचोळ्यावर असते ती बुरशी, त्यांतून आंत गेली कीं क्षत पडतें, आणि क्षत बरें होऊनही फूल राहतें. नेपाळांतील भक्तपूर येथें याबाबत एक मोठा उपक्रम झाला. ओरखडा आल्यापासून १८ तासांच्या आंत ज्यांना जंतुनाशक मलम मिळालें त्यांच्यापैकीं कोणालाही क्षत पडलें नाहीं, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत नमूद आहे. येथें प्रश्न महागड्या औषधाचा नसून तासांचा आहे. डोळा चोळणें, पदराच्या टोंकानें किंवा काडीनें कण काढूं पाहणें, अथवा मागच्या खेपेचें उरलेलें औषध कपाटांतून काढून घालणें, यांत ते तास जातात. आणि त्या उरलेल्या औषधांत स्टेरॉइड असलें तर बुरशीला तें खतच होतें.

हीं सारीं संकटें निसर्गाला अगदींच अपरिचित नसावींत; धूळ, कांटा, किडा, ठोसा हीं मनुष्याइतकींच जुनीं. चुना मात्र तसा नव्हे, आणि मराठी घरांत तो भिंतीपासून पानाच्या डब्यापर्यंत सर्वत्र असतो. अलीकडे तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या प्लॅस्टिकच्या पुडीनें त्यांत भर घातली आहे. लहान मूल ती रिकामी समजून दाबतें, ती फुटते, आणि आंतला ओला चुना थेट डोळ्यांत उडतो. भारतांतील नेत्रवैद्यांना हा अपघात चांगलाच परिचयाचा आहे.

आम्लापेक्षां चुना डोळ्यास अधिक घातक कां? आम्ल लागतांच पृष्ठावरचीं प्रथिनें गोठतात व त्या गोठलेल्या थरामुळेंच तें पुष्कळदां पुढें सरकूं शकत नाहीं. चुन्यासारखा क्षार पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्याचा साबण करून टाकतो आणि आंत आंत वाट काढीत जातो. शिवाय चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आंत चिकटून बसतात व घटकाभरानेंही झिरपत राहतात. ज्या पापणीनें संरक्षण करावयाचें तीच शत्रूला डोळ्यापाशीं धरून ठेवते. भीतीनें ती घट्ट मिटली जाते, त्यानें भर पडते ती निराळीच.

अशा वेळीं उपाय एकच, आणि तो घरांत आहे: पाणी. नळाचें, माठाचें, तांब्यांतलें, जें स्वच्छ पाणी हातास लागेल तें. दोन बोटांनीं पापण्या फांकवून, डोळा इकडेतिकडे फिरवावयास लावून, निदान अर्धा तास सतत ओतीत राहावें. चुना क्षार म्हणून त्यावर लिंबू पिळण्याचें पुस्तकी शहाणपण कोणीं करूं नये. तूपही घालूं नये. आधीं वाहन शोधून मग रुग्णालयांत धुण्यापेक्षां आधीं धुवून मग वाहन शोधावें. पापणी उलटून आंतले कण काढण्याचें काम वैद्याचें. तेथें जाणें अपरिहार्यच आहे. पण डोळा किती वांचणार याचा बराचसा निर्णय वैद्याची गांठ पडण्यापूर्वींच्या मिनिटांत झालेला असतो.

चुन्यानें गेलेल्या दृष्टीचा एक धागा वैद्यकाच्या इतिहासांतील एका थोर प्रसंगाशीं जुळतो. त्या काळच्या ऑस्ट्रिया-हंगेरींतील, म्हणजे हल्लींच्या चेक प्रजासत्ताकांतील, ओलोमोउत्स या गांवीं एडुआर्ड झिर्म नांवाचे नेत्रशल्यज्ञ होते. चुन्यानें दोन्ही डोळे पोळलेला एक मजूर त्यांच्याकडे आला होता. त्याच सुमारास लोखंडाचा तुकडा आंत शिरल्यामुळें ११ वर्षांच्या एका मुलाचा डोळा काढावा लागला. त्याचें स्वच्छमंडल मात्र निर्मळ होतें. ७ डिसेंबर १९०५ रोजीं झिर्म यांनीं त्यांतून दोन चकत्या कापून त्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसविल्या. उजवी टिकली नाहीं. डावी निर्मळ राहिली आणि तो मनुष्य पुन्हां कामावर गेला. मनुष्याचें स्वच्छमंडल मनुष्याला यशस्वीपणें बसविण्याचा हा पहिला प्रसंग. स्वच्छमंडलांत रक्त नसल्यामुळें परक्या पेशी ओळखून त्यांवर तुटून पडणारें शरीराचें सैन्य तेथें सहसा चटकन् पोंचत नाहीं. ज्या उणीवेमुळें हा अवयव एवढा असहाय, तिच्याचमुळें तो दुसऱ्यास देतां येतो.

परंतु चुन्याच्या प्रत्येक रोग्यास चकती बदलून भागत नाहीं. बुबुळाच्या कांठावर मूळ पेशींची एक कड असते. वरच्या थराची झीज जन्मभर तीच भरून काढते. चुन्यानें ती कड जळाली तर नवी कांच बसवूनही तिच्यावर अस्तर धरत नाहीं, रक्तवाहिन्या चढतात व ती पुन्हां गढूळ होते. यावर भारतांत मोलाचें काम झालें आहे. हैदराबाद येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं एक सोपी पद्धति प्रसिद्ध केली: रोग्याच्या चांगल्या डोळ्याच्या कांठाचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे बारीक बारीक कण करावयाचे आणि ते जळालेल्या बुबुळावर, गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर पेरावयाचे. त्यांतून नवें अस्तर उगवतें. दोन्ही डोळे पोळलेल्यास मात्र हा मार्ग खुला नाहीं.

स्वच्छमंडलें मिळण्याचें साधन म्हणजे नेत्रदान. जगांतील पहिली नेत्रपेढी न्यूयॉर्क येथें १९४४ सालीं व भारतांतील पहिली मद्रास येथें १९४५ सालीं निघाली. दात्याचें वय, त्याचा चष्मा किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाहीं. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आंत डोळे काढून घेतले जावेत एवढी अट असते. तोंवर घरच्यांनीं नेत्रपेढीस कळवून कांहीं साध्या गोष्टी करावयाच्या असतात. पापण्या हलक्या हातानें मिटवावयाच्या, त्यांवर स्वच्छ पाण्यांत भिजविलेला कापूस ठेवावयाचा, डोक्याखालीं उशी देऊन तें किंचित् उंच करावयाचें आणि वरचा पंखा बंद करावयाचा. पापणी मिटविणारा स्नायु थांबलेला असतो, ग्रंथींतून तेल येत नाहीं, अश्रु पाझरत नाहींत. नेत्रपेढीचीं माणसें येईपर्यंत तीं कामें घरच्यांकडे आलेलीं असतात.